फवारा बंद झाला तेव्हा

पाणी वर उडतं तेव्हा खाली बघावं, हे मला बागेतला फवारा सांभाळणाऱ्या धाकूकाकांनी तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा "हो हो, काका" म्हटलं, मागे लागलेल्या माणसाला म्हणतो तसं. तिसऱ्यांदा तर मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या लेकीच्या, ऋतिकाच्या, हातातली चण्यांची पुडी छापील कागदाची होती, आणि ती शाई तिच्या बोटांवरून पोटात जाणार, या विचारात मी होते. "बाय, उदक वयर उडता तेन्ना सगळीं वयर पळयतात," ते म्हणाले होते, पालिकेच्या खाकी शर्टाची बाही दुमडत. "तूं सकयल पळय." वर सगळेच बघतात, तू खाली बघ. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना असतात तशी ही एक सवय, येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी शहाणपणाचं ऐकवण्याची. आणि मला कुणी सावध राहा म्हणून सांगावं, याचं थोडं हसूही आलं. देवेश, माझा नवरा, सगळ्यांना सांगत असतो, "आमची सिद्धी झोपेतसुद्धा पहारा करते."

आता मी पेडण्याला आईकडे पडून आहे. सहावा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गर्भाची वार खाली आहे, जिने नकोत, गाडी नको, उठबस नको, पडून राहायचं. म्हणून कुशीवर पडून मी पलंगाशेजारच्या जनेलातून शेजाऱ्यांची विहीर बघते. सकाळी साडेनऊला ते पंप लावतात. आधी एक गुरगुर, मग लांब एकसुरी घरघर, तिची कानाला इतकी सवय होते की ती आहे हेच विसरायला होतं. आणि मग कुणीतरी बटण दाबतं. परवा तसंच झालं. घरघर थांबली आणि मी पलंगावर ताडकन उठून बसले, हात पुढे करून, कुणाला तरी उचलायला निघाल्यासारखी. "काय झाला गो? पडान ऱ्हव!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. जमिनीवर रंगकाम करत बसलेली ऋतिका मान वर न करता म्हणाली, "काही नाही आजी. फवारा बंद झाला."

फवारा बंद झाला. हे तिचं वाक्य मी पहिल्यांदा मे महिन्यात ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं.

आमच्या शहराचं नाव मी घालत नाही. पालिकेच्या कचेरीत बसणाऱ्यांनाही माझ्यासारखीच लहान पोरं आहेत, आणि माझी एक चिठ्ठी त्या कचेरीत आधीच गेलेली आहे, तेवढी पुरे. बाग छोटीशीच. मधोमध गोल हौद, त्यात एक मोठा फवारा आणि भोवती बारा लहान, कडेनं पायऱ्यापायऱ्यांवरून उतरत जाणारा पाण्याचा पाट, त्यात लाल कमळं, आणि मागच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची खोली, जिच्यातून ती घरघर यायची. हौद माझ्या गुडघ्याइतका. बागेत पाऊल टाकलं की माझी मोजणी सुरू व्हायची. फाटकाजवळचा लंगडा कुत्रा, आज आहे की नाही. घसरगुंडीची गंजलेली कड. झुल्याच्या मागं उभे राहणारे, फोनमध्ये तोंड घातलेले दोन पुरुष. पाटाच्या कडेचं शेवाळ. एम. कॉम.च्या वर्गात धोक्यांची वर्गवारी शिकवली होती, ती मी तिथं बसून करायची. गुडघ्याएवढ्या पाण्याला मी यादीत खालून दुसरं ठेवलं होतं. फवारा चालू असला की मी तर चक्क निर्धास्त असायची, कारण ऋतिकाला त्याचे तुषार तोंडावर आवडत नसत, ती हातभर लांबच उभी राहायची. दिवसभरात तेवढीच पंधरावीस मिनिटं मला श्वास घ्यायला मिळायची. मी वर बघायची. ऊन कलतीला लागलं की मोठ्या धारेच्या टोकाला, पाणी वर जायचं थांबतं आणि खाली यायचं ठरवतं त्या जागी, एक धूसर पट्टा रंगीत व्हायचा. मी तो बघत राहायची. हे पाणी वर कुठून येतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्या दिवशी मी फोन वर धरला होता. तो रंगीत पट्टा फोटोत येत नव्हता. ऋतिका माझ्या डाव्या बाजूला होती, आकाशी फ्रॉक, मागं बो बांधायचा लांबलचक पट्टा असलेला, तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाई सुमंगलाबाईंनी, घरी शिवलेला. मग ती डाव्या बाजूला नव्हती. आवाजही झाला नाही, किंवा झाला असेल तर फवाऱ्यात बुडाला. मी खाली बघितलं तेव्हा ती हौदात होती, बसलेली, मागं कललेली, पाणी हनुवटीपर्यंत, आणि चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. हौदाच्या पलीकडं धाकूकाका उभे होते. आमची नजरानजर झाली. याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांनी मला बघितलं, पोरीला बघितलं, आणि पाठ फिरवली. पाठ फिरवून ते पळत सुटले, दुसरीकडं, पत्र्याच्या खोलीकडं.

मी हौदात उतरले, चपलांसकट. तिच्या काखेत हात घालून उचललं, तर ती उचलली गेली नाही. चौदा किलोची माझी पोर, झोपेत खांद्यावरून उतरवते मी तिला, ती जड झाली. पाण्यानं जड झाली, असं मला वाटलं. भीतीनं माझेच हात गळालेत, असं वाटलं. वरून बारा बाजूंनी पाणी डोक्यावर कोसळत होतं, ती मागं मागं जात होती, तिचं नाक पाण्याला लागलं, आणि मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. मग एकदम सगळं थांबलं. डोक्यावरचं पाणी थांबलं. आवाज थांबला. माझाच ओरडा मला ऐकू आला. आणि ती इतक्या पटकन वर आली की मी तिला छातीशी घेऊन मागच्या मागं हौदातच बसले. ती खोकली, रडली नाही. माझ्या कानाशी ओलं तोंड आणून तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, "आई, फवारा बंद झाला."

धाकूकाका धापा टाकत आले. हौदाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "बरें जालें. बरें जालें." आणि तिच्या पाठीमागं हात घातला, तो पट्टा चाचपायला, हे मला आता कळतं. तेव्हा मी तो हात झटकला. "हात लावू नका! पाठ फिरवलीत तुम्ही! पोर बुडताना बघून पाठ फिरवलीत!" लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "मायनावयले म्हातारे हे, सांजेर वास मारता तांचो." मायनावरचे, म्हणजे खाणीवरून आलेले. दारूचा काय, वास कसलाच येत नव्हता. मी एवढी जवळ होते, मला ठाऊक आहे. मी काही बोलले नाही.

घरी सासूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, पोरीला कोरडं करून मांडीवर घेतलं आणि तो ओला फ्रॉक दोन बोटांत धरून पिशवीत कोंबला. आमच्याकडं मूल ज्या कपड्यात भ्यालं तो कपडा परत अंगाला लावत नाहीत. धूतही नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. "नदीर सोडूंया म्हणे फाल्यां," त्या म्हणाल्या, आणि पिशवीला तीन गाठी मारून ती कपाटावर टाकली. ते उद्या कधी आलं नाही. आणि मी, जिला असल्या गोष्टींचं एरवी हसू येतं, मी त्या पिशवीकडं मान वर करूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऋतिका मऊ भात खात असताना, मी चिठ्ठी लिहिली. चांगली लिहिली. मुद्दे घातले, वेळ घातली. "लहान मूल पाण्यात पडल्याचे प्रत्यक्ष पाहूनही सदर कर्मचाऱ्याने पाठ फिरवली." हे वाक्य लिहून मी ते पुन्हा वाचलं, आणि मला ते आवडलं. देवेश म्हणाला, "दोन दिवस थांब गो. डोकं शांत होऊ दे." मी म्हटलं, "तुझं शांतच असतं." आठवड्यात कळलं की म्हाताऱ्याला काढलं. ठेकेदाराचा माणूस, त्याला काढायला किती वेळ लागतो. त्या दुपारी मला गाढ झोप लागली, पुष्कळ दिवसांनी.

ऑगस्टमध्ये, दुसऱ्या बाळाचं नक्की झाल्यावर, चतुर्थीच्या साफसफाईत मी ऋतिकाचे लहान झालेले कपडे काढायला बसले. कुंची, झबली, पायमोजे, आणि कपाटावरून खाली आलेली ती गाठीची पिशवी. सासूबाई बाजारात होत्या. गाठी सुटेनात, मी त्या दातांनी सोडवल्या. आत फ्रॉक वाळून कडक झाला होता, कुबट वास आणि बुरशीचे ठिपके. आणि पट्टा. तो पट्टाच राहिला नव्हता. चार बोटं रुंद कापड पिळून पिळून सुंभासारखं झालं होतं, मूळच्यापेक्षा वीतभर लांब, टोकाला काळं ग्रीस, आणि त्या ग्रीसमध्ये अडकलेले काथ्याचे दोन धागे. कंबरेच्या शिवणीचे टाके एका बाजूनं उसवले होते. सासूबाईंची शिवण अशी सहज उसवत नाही. तो पट्टा मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले. आधी बोटांना कळलं. तिला कुणीतरी ओढत होतं. माझ्या हातांतून नव्हे, पलीकडून. आणि मग ते सोडून दिलं गेलं, एका क्षणात, ज्या क्षणी डोक्यावरचं पाणी थांबलं. मला आईचे हात जिंकले असं वाटलं होतं. तीन महिने मी त्याच समजुतीवर जेवले, झोपले.

बागेत गेले तर नवा माणूस होता. हौदाच्या तळाला, पंप पाणी ओढतो त्या तोंडावर, चकचकीत नवी जाळी. "ती जुनी मोडलेली," तो म्हणाला, "म्हातारा सुंभानं बांधून ठेवायचा. दर सोमवारी नवं सुंभ. वर सांगितलेलं म्हणे त्यानं, तीन वेळा." तीन वेळा. मलाही तीन वेळाच.

रविवारी देवेश मला स्कूटरवरून सुर्लाला, त्या माणसानं सांगितलेल्या धाकूकाकांच्या गावी, घेऊन गेला. साखळी गाव मागं टाकल्यावर त्यानं स्कूटर इतकी हळू चालवली की पाव विकणारा सायकलवाला पोदेर आम्हाला मागं टाकून गेला. रस्त्याच्या कडेची झाडं खाणीच्या धुळीनं अजून तांबूस होती, एवढ्या पावसानंही धुतली न गेलेली. "पंपार आसलो तो धाकू?" असं म्हणत एका बाईनं घर दाखवलं. अंगणात देवकीवहिनी, त्यांची भावजय, वाली सोलत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पत्र बरोवपी तूंच मगो?"

"हो. लिहिणारी मीच."

"शिकिल्लें आसल्यार बरें. आमी गाळी दितांव, त्यो वाऱ्यार वतात." आम्ही शिव्या देतो, त्या वाऱ्यावर जातात. "तुजें एक पान, म्हज्या दिराक घरा धाडलो." मग देवेशकडं वळून, "आनी हो घोव? तोंडांत जीब आसा, काय ती बी तिणें बरोवन दिल्या?"

देवेश बिचारा हेल्मेट हातात फिरवत राहिला. तेवढ्यात दारात धाकूकाका आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. त्यांनी मला बघितलं, आणि पाठ फिरवून आत गेले.

मी तिथंच अंगणात उभी. हीच पाठ, हेच किंचित वाकलेले खांदे. जाऊ या, असं मी देवेशला म्हणणार होते, तर आतला रेडिओ बंद झाला. मग ते बाहेर आले, दोन कोपांत, म्हणजे ग्लासांत, पाणी घेऊन. "चलता आसल्यार कितेंच आयकूंक येना," ते म्हणाले. चालू असलं की काही ऐकू येत नाही. "बस बाय. चली बरी आसा मगे?"

पोरगी बरी आहे ना. पहिलं हेच विचारलं. मी पिशवीतून पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, काथ्याचे धागे नखानं सोडवले आणि मान हलवली, जुनं काम परत हातात आल्यासारखी. तेवीस वर्षं ते खाणीच्या खड्ड्यावर पंपाला होते. खड्ड्यात झरे फुटतात, पाणी सतत उपसावं लागतं, तराफ्यावर पंप आणि पाण्यात सोडलेली सोंड. सोंडेच्या तोंडाला पालापाचोळा अडकला की कुणीतरी पाण्यात उतरून काढायचा. आणि त्या कामाला एकच नियम होता, भिंतीवर न लिहिलेला. "पयलीं स्विच, मागीर मनीस. पंप चालूं आसतना मनशाक ओडलो, तर तूं एका वटेन ओडटा, पंप दुसऱ्या वटेन. पंपाक दम लागना, बाय." आधी स्विच, मग माणूस, कारण पंपाला दम लागत नाही.

"मला सांगितलं का नाही त्या दिवशी?"

"सांगपाक तूं खंय आसलें? तूं रागान आसलें." आणि मग, कोपातलं पाणी गोल फिरवत, "एके फावट हांवें पयलीं उडी मारली. दत्ताराम आसलो सकयल. इश्ट म्हजो. स्विच धा पावलांर. हांव स्विचाकडे गेलों ना, ताचेकडे गेलों." ते थांबले. देवकीवहिनींचे वाली सोलणारे हातही थांबले. "ताचो हात म्हज्या हातांत आसलो. निमाणे मेरेन."

शेवटपर्यंत. स्विचाआधी मित्राकडं गेले होते ते, आणि मित्र गेला. मी माझे तळहात बघत होते, ज्यांनी ऋतिकाला धरलं होतं. हातात हात शेवटपर्यंत. आम्ही आया दुसरं काय मागतो? आणि हा माणूस तो हात आठवतच धावला होता, माझ्या पोरीकडं पाठ करून, छातीत काय घेऊन धावला असेल. वीस पावलं होती खोलीपर्यंत. मी ती नंतर मोजली आहेत. जाताना वीस. त्या वीस पावलांत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नसणार, कारण बघितलं असतं तर ते थांबले असते.

"माफ करा, काका," हे मी म्हटलं, पण ते पुरेसं नव्हतं, आणि ते एवढंच म्हणाले, "उदक पी." उठताना मी पोटाशी हात धरला, तो देवकीवहिनींनी बघितला असावा. निघताना त्यांनी वालींची पुडी माझ्या हातात कोंबली, चेहरा तसाच रागीट ठेवून. "तुका न्हय. पोटांतल्याक."

मग आम्ही दर रविवारी जात होतो. मी दुसरी चिठ्ठी लिहिली, पहिलीपेक्षा लांब. जागा भरली गेली आहे, एवढंच उत्तर आलं. ऋतिकाला नेलं तेव्हा ती त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून म्हणाली, "तूच बंद केलेलास?" ते म्हणाले, "हांवेंच." "परत चालू कोणी केला?" त्यावर ते इतके हसले की खोकला लागला. ते आम्हाला घराच्या मागं खड्डा दाखवायला घेऊन गेले. खाण बंद झाल्यापासून पंपही बंद, आता तिथं तळं आहे, हिरवंनिळं, डोंगर कापल्यासारख्या तांबड्या कडांमध्ये, डोळे दिपतील असं शांत. त्यांनी कडेला एक बांबू रोवला आहे, त्यावर कोयत्यानं केलेल्या खुणा. रोज चारच्या सुमारास ते पाणी किती चढलं ते बघायला जातात. कुणी सांगितलेलं नाही. "कोण तरी पळोवंक जाय मगे," कुणीतरी बघायला नको का. ऋतिकाचा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, काहीच मोजत नव्हते. पण कड ठिसूळ आहे, हे मी पाहिलं. बांबूपाशी पोहोचायला त्यांना वाकावं लागतं, हेही.

मी इथं येऊन पाच आठवडे झाले. फोन ते रविवारी सकाळी उचलायचे, दोनच वाक्यं, "बरी मगे? पडून राव." गेले दोन रविवार फोन बंद आहे. देवकीवहिनी फोंड्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत, म्हणजे घरात ते एकटेच. देवेशची महिनाअखेरपर्यंत कारखान्यात दुहेरी पाळी, तो म्हणतो, जाईन गो, नक्की जाईन, फोनची बॅटरी गेली असेल. असेलही. मी त्याला माहीत आहे तशीच आहे, झोपेत पहारा करणारी. पण एकदा मी हसून सोडून दिलं होतं, आणि आता शेजारचा पंप थांबला की मी उठून बसते आणि पोटातलं बाळ लाथ मारतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी साखळीहून त्या बाजूला जाणार असेल तर एक काम करा. सुर्लाला पंपावरचा धाकू म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. चारच्या आधी पोचा, म्हणजे ते बांबूकडं निघालेले नसतील. निघाले असतील तर मागोमाग जा, आणि कडेपासून चार हात मागंच उभे राहून हाक मारा. चिठ्ठीचा विषय काढू नका. ऋतिका बरी आहे, आणि मी पडून आहे, एवढं सांगा. आणि तुम्हाला दारात बघून ते काही न बोलता पाठ फिरवून आत गेले, तर कृपा करून निघून येऊ नका. अंगणात थांबा. आतलं काहीतरी ते बंद करत असतील.